परतीची वेळ

प्रस्तावना

घरातून बाहेर पडताना उंबरठ्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "परत कधी येणार?" पुष्कळदा आपण त्याला नीट उत्तर देत नाही. "येईन लवकर," एवढे म्हणतो आणि चालू लागतो. उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही, कारण रस्त्यावर उजेड असतो, माणसे असतात आणि वाट विचारता येते.

ज्या ठिकाणी उजेड नाही, माणसे नाहीत आणि हाक मारली तरी वर ऐकू जात नाही, अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी मात्र हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. जमिनीच्या पोटातील नैसर्गिक गुहांचा शोध घेणे आणि बंद पडलेल्या जुन्या खाणींचा अभ्यास करणे हा जगातील अनेक देशांत एक जोपासलेला छंद आहे. त्यासाठी मंडळे स्थापन झालेली आहेत. ही मंडळे काय करतात, भूगर्भात कोणते धोके असतात आणि त्या धोक्यांपासून बचाव कशाने होतो, याची ओळख या माहितीपर लेखातून आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
- नैसर्गिक गुहा आणि लेणी यांतील फरक सांगू शकाल;
- गुहेतील व जुन्या खाणीतील प्रमुख धोक्यांची कारणे स्पष्ट करू शकाल;
- गुहाशोधक मंडळांच्या कार्याचे वर्णन करू शकाल;
- नियम लिहिताना विध्यर्थी वाक्यांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. गुहा आणि लेणी

'गुहा' हा शब्द उच्चारताच महाराष्ट्राशी परिचय असलेल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ, कार्ले ही नावे उभी राहतात. परंतु काटेकोर अर्थाने ती लेणी होत. माणसाने छिन्नी-हातोड्याने सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ती कोरली. नैसर्गिक गुहा कोरते ते पाणी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्लधर्मी बनते. हे पाणी चुनखडीच्या खडकातील भेगांत झिरपते आणि खडक कणाकणाने विरघळवते. हजारो-लाखो वर्षांनी त्या भेगेचे भुयार होते, भुयाराचे दालन होते आणि त्यातून एखादी नदीही वाहू लागते.

आपल्या देशात अशा गुहांचे सर्वांत मोठे भांडार मेघालयात आहे. जेथे चुनखडीचा खडक आणि जगातील सर्वाधिक पाऊस एकत्र आले, तेथे असे घडणे स्वाभाविकच होते. तेथील खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. 'क्रेम लियात प्राह' ही गुहा तीस किलोमीटरांहून अधिक लांब आहे. 'क्रेम पुरी' ही वालुकाश्मातील गुहा सुमारे साडेचोवीस किलोमीटर लांब असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. चेरापुंजीजवळच्या 'क्रेम मॉमलुह' गुहेतील एका लवणस्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली. तिच्या आधारे शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातील अलीकडच्या कालखंडाला २०१८ मध्ये 'मेघालयन' हे नाव दिले. अंधारात उभ्या असलेल्या एका दगडाने मानवाला पावसाचा जुना इतिहास वाचून दाखवला!

या गुहा आपोआप नकाशावर आल्या नाहीत. शिलाँग येथे १९९० मध्ये स्थापन झालेली साहसप्रेमींची संघटना आणि १९९२ पासून तिच्यासोबत काम करणारे युरोपातील गुहाशोधक यांनी वर्षानुवर्षे, कोरड्या ऋतूत, हातात दोर आणि होकायंत्र घेऊन त्या मोजल्या. पावसाळ्यात मात्र ही मंडळी गुहांच्या आत पाऊल टाकत नाहीत. त्याचे कारण आपण पुढे पाहू.

पाठगत प्रश्न १

(अ) लेणी आणि नैसर्गिक गुहा यांत मुख्य फरक कोणता?
(आ) खासी भाषेत गुहेला काय म्हणतात?
(इ) क्रेम मॉमलुह गुहेतील लवणस्तंभ शास्त्रज्ञांना महत्त्वाचा का वाटला?

२. मंडळ कशासाठी?

एकट्याने डोंगर चढणारा माणूस आपल्याला कधी कधी भेटतो. गुहेत एकट्याने उतरणे मात्र कोणतेही मंडळ मान्य करत नाही. निदान चार जणांनी जावे, असा जुना संकेत आहे. त्यामागील हिशेब साधा आहे. एकाला दुखापत झाली, तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि उरलेल्या दोघांनी मदत आणावी. जो मदतीला निघाला, तोही एकटा असू नये.

प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असावे आणि प्रत्येकाजवळ प्रकाशाची तीन स्वतंत्र साधने असावीत, हा दुसरा संकेत. गुहेच्या तोंडापासून थोडे आत गेले की जो अंधार सुरू होतो, त्याला डोळे सरावत नाहीत. रात्री आकाशात निदान चांदण्यांचा उजेड असतो; गुहेत तोही नसतो. दिवा विझला, तर धडधाकट माणूसही एक पाऊल सुरक्षितपणे टाकू शकत नाही.

मंडळाचे बरेचसे काम जमिनीवरच चालते. नवागताला दोरावर चढण्या-उतरण्याचा सराव आधी उघड्या कड्यावर किंवा झाडावर दिला जातो. दोर धुऊन, बोटांनी चाचपून तपासले जातात. झिजलेला दोर मोडीत काढला जातो. गुहेत मोजणी करताना एक जण फीत धरतो, दुसरा दिशा व उतार पाहतो आणि तिसरा वहीत रेखाटन करतो. अशा शेकडो लहान मोजण्या जोडून नकाशा तयार होतो. पुढच्या तुकडीला तोच नकाशा वाट दाखवतो आणि अपघातप्रसंगी शोधपथकालाही तोच मार्गदर्शक ठरतो.

लवणस्तंभांना हात लावू नये, वटवाघळांना त्रास देऊ नये, आत काहीही टाकून येऊ नये, हेही मंडळात शिकवले जाते. हाताच्या तेलकटपणामुळे लवणस्तंभाची वाढ खुंटू शकते. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसांना बुरशीजन्य आजार होऊ शकतो. येथे निसर्गाचे रक्षण आणि स्वतःचे रक्षण यांचा नियम एकच आहे.

मंडळाचा सर्वांत महत्त्वाचा सदस्य मात्र गुहेत उतरतच नाही. तो वर असतो. कोण कोण आत गेले, कोणत्या गुहेत, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार, हे त्याच्याजवळ लिहून ठेवलेले असते. ती वेळ उलटली आणि निरोप आला नाही, तर काय करायचे हेही आधीच ठरलेले असते. त्याने तर्क करत बसायचे नाही, संकोचही करायचा नाही, बचावपथकाला कळवायचे. आत गेलेल्यांचेही एक कर्तव्य असते. बाहेर येताच त्यांनी सर्वांत आधी आपण सुखरूप असल्याचे त्याला कळवायचे.

*मंडळाच्या नोंदवहीतील पान (नमुना)*
- गुहेचे नाव व जवळचे गाव
- आत जाणाऱ्यांची नावे व घरचा दूरध्वनी
- ठरलेली वाट
- आत जाण्याची वेळ
- परतीची वेळ
- ही वेळ उलटल्यास कोणाला कळवावे
- हवामानाचा अंदाज पाहिला का?

३. पाणी

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात गुहाभ्रमणाची परंपरा फार जुनी आहे. तेथे गुहेतील अपघातांसाठी स्वयंसेवकांचे बचावपथक १९३५ मध्येच स्थापन झाले. त्याच परगण्यात 'मॉसडेल केव्हर्न्स' नावाची गुहा आहे. तिच्या आतील वाटा लांब आणि इतक्या बुटक्या आहेत की पुष्कळ ठिकाणी पोटावर सरपटत जावे लागते.

२४ जून १९६७ रोजी दहा जण या गुहेत शिरले. त्यांपैकी चौघे काही तासांनी बाहेर आले. सहा जण पुढे गेले. त्यानंतर माळरानावर मुसळधार पाऊस कोसळला. बाहेर आलेल्यांपैकी एक तरुणी पुन्हा गुहेच्या तोंडाशी गेली. पाहते तो ओढा फुगून गुहेचे तोंडच पाण्याखाली गेलेले! मदत मागण्यासाठी ती माळरान तुडवत धावत सुटली. मोठ्या संख्येने स्वयंसेवक जमले. ओढ्याचे पाणी वळवण्यासाठी चर खणण्यात आला. तरीही सहाही जण मृत्युमुखी पडले. ब्रिटनमधील गुहाभ्रमणाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी दुर्घटना होय. त्या तरुणांना पुढे त्याच गुहेत चिरविश्रांती देण्यात आली.

या घटनेतून एक कठोर सत्य समोर येते. वर सावध माणूस होते, हाक वेळेवर गेली होती, मदतही धावली होती. पण बुटक्या वाटा पाण्याने भरल्यावर माणसाच्या हाती काही उरत नाही. गुहेतील पूर गुहेत सुरू होत नाही. तो दूर डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसातून येतो आणि आत असलेल्याला तो पाऊस दिसतही नाही. त्यामुळे पाण्यापासून बचाव करण्याची खरी वेळ गुहेत शिरण्यापूर्वीची असते. आकाश पाहून, अंदाज ऐकून "आज नको" असे म्हणण्याची ती वेळ असते. मेघालयातील मंडळी पावसाळ्यात गुहांपासून दूर का राहतात, ते यावरून ध्यानात येईल.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेची घटना अनेकांना आठवत असेल. २३ जून २०१८ रोजी फुटबॉलचा सराव आटोपून बारा मुले व त्यांचा तरुण प्रशिक्षक या गुहेत शिरले. जुलैपासून गुहेत पाणी भरते, अशा सूचनेचा फलक तेथे होता. त्या वर्षी पाऊस त्याआधीच आला. त्यांचा पत्ता कसा लागला? गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली उभ्या होत्या! कागदावर लिहिलेला निरोप नव्हता. त्या सायकलींनीच तो निरोप दिला. नऊ दिवसांनी, २ जुलैला, ब्रिटनच्या दोन स्वयंसेवक पाणबुड्यांना ती मुले आत जिवंत सापडली. ८ ते १० जुलै या काळात सर्वांना बाहेर काढण्यात आले. या कार्यात अनेक देशांनी हात दिला. आपल्याकडील किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तज्ज्ञही पाणी उपसण्याच्या कामी साहाय्याला गेले होते. परंतु तेरा जणांच्या सुटकेच्या आनंदात एक दुःख विसरता येत नाही. ६ जुलैला समन कुनन हे थायलंडच्या नौदलाचे माजी पाणबुडे, आत हवेच्या नळकांड्या पोहोचवून परतताना मरण पावले.

पाठगत प्रश्न २

(अ) निदान चार जणांनी गुहेत जावे, असा संकेत का आहे?
(आ) मॉसडेलच्या घटनेत वेळेवर हाक जाऊनही सहा जण का वाचू शकले नाहीत?
(इ) थाम लुआंग येथे 'निरोप' कोणी दिला?

४. हवा

पाणी दिसते, त्याचा आवाज येतो. हवेचा धोका मात्र दिसतही नाही आणि पुष्कळदा त्याचा वासही येत नाही. कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेपेक्षा जड असतो. जेथे वारा खेळत नाही अशा खोल, अरुंद जागी तो तळाशी साचतो. माणसाला प्रथम धाप लागते, डोके दुखते, विचार मंदावतात. आपण संकटात आहोत हे कळण्याची शक्तीच नाहीशी होते.

२२ मार्च १९५९ रोजी इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील 'पीक कॅव्हर्न' या गुहेत नील मॉस हा वीस वर्षांचा विद्यार्थी एका अतिशय अरुंद, उभ्या विवरात उतरला. वर येताना तो मध्येच अडकला. सोबती वरच होते, बचावपथकही आले. पण त्या चिंचोळ्या नळीत त्याच्याच श्वासातून बाहेर पडलेला वायू साचत गेला. त्याला सोडवण्यासाठी उतरलेल्यांचीही शुद्ध हरपू लागली. तो वाचू शकला नाही. माझ्या मुलाचा देह काढण्यासाठी आणखी कोणी जीव धोक्यात घालू नये, अशी इच्छा त्याच्या वडिलांनी व्यक्त केली आणि ते विवर कायमचे बंद करण्यात आले.

आपल्या गावांतील जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत एकामागून एक उतरलेली माणसे गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांचे कारणही असेच असते. पहिला कोसळला म्हणून दुसरा घाईने उतरतो आणि तोही कोसळतो. माया असूनही, किंबहुना मायेपोटीच, ही चूक घडते. हवा तपासल्याशिवाय मदतीलाही उतरू नये, ही शिकवण मनाला जड वाटली तरी ती जीव वाचवणारी आहे.

५. जुनी खाण

गुहेला निसर्गाने लाखो वर्षांत घडवलेले असते. सैल दगड बहुधा केव्हाच खाली आलेले असतात. खाण माणसाने घाईने, गरजेपुरती खोदलेली असते. काम बंद पडले की तिची देखभालही थांबते. छताला आधार देणारे लाकडी खांब कुजतात. पायाखालची जमीन म्हणून जी दिसते, ती कधी कधी खोल कूपावर टाकलेल्या सडक्या फळ्या असतात आणि त्यांवर धूळ-माती साचलेली असते. खाली साचलेल्या पाण्याची खोली कळत नाही. कोळशाच्या खाणीत स्फोटक मिथेन वायू असू शकतो. कोपऱ्यात विसरलेले सुरुंगाचे साहित्यही कधी सापडते. त्याला हात लावू नये.

ब्रिटनमध्ये शिशाच्या व पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींचा अभ्यास करणारी मंडळे आहेत. मालकाची परवानगी घेऊन आणि जुने आराखडे पाहून ती आत जातात. त्या कामगारांची अवजारे, गाड्यांचे रूळ, भिंतीवरील खुणा यांची नोंद करतात. वस्तू जागच्या जागीच ठेवतात. इतिहास जपण्याचेच हे कार्य आहे.

जुन्या खाणीतील पाणी किती घातक असते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथील कोळसा खाणीत वरच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी घुसले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार प्राणांस मुकले. १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातील क्सान येथे बेकायदेशीरपणे चालणाऱ्या, उंदराच्या बिळासारख्या अरुंद कोळसा खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले. पण कोणालाही वाचवता आले नाही. अशा खाणकामावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्येच बंदी घातली होती.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. गुहाशोधक आपल्या आवडीने भूगर्भात जातो आणि "आज नको" असे म्हणून परत फिरू शकतो. पोटासाठी खाली उतरणाऱ्या मजुराला तसे म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी खाणमालकावर व शासनावर असते. भारतात त्यासाठी १९५२ मध्ये खाण अधिनियम करण्यात आला होता आणि धनबाद येथे खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. आपण वाचकांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे : बंद खाणीत कुतूहलाने, परवानगीवाचून, कधीही पाऊल टाकू नये.

६. समारोप

या सर्व घटना एकत्र पाहिल्या तर एक सूत्र हाती येते. जमिनीखालची सुरक्षितता बरीचशी जमिनीवरच ठरते. हवामान पाहणे, सोबती निवडणे, दिवे मोजणे, परवानगी घेणे, दोर तपासणे आणि परतीची वेळ सांगणे ही सारी कामे उजेडातील आहेत. धैर्य लागतेच, पण गुहेच्या तोंडाशी येऊन, दोन दिवसांचा प्रवास करून आलेले असतानाही, ढग पाहून माघारी वळण्याला अधिक धैर्य लागते.

आणि ज्याला परतीची वेळ सांगितलेली असते, तो घड्याळाकडे पाहत वर बसलेला असतो. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव अंधारात उतरणाऱ्याच्या पायांना सावध ठेवते. उंबरठ्यावरचा प्रश्न म्हणूनच रोज नीट ऐकावा आणि त्याचे खरे उत्तर देऊन निघावे.

शब्दार्थ

अवर्षण – पाऊस न पडणे
लवणस्तंभ – ठिबकणाऱ्या पाण्यातील क्षार साचून झालेला खांब
वालुकाश्म – वाळूचे कण घट्ट होऊन बनलेला खडक
कूप – येथे अर्थ, खाणीतील विहिरीसारखा उभा खड्डा
संकेत – सर्वांनी मान्य केलेली रीत
मोडीत काढणे – निरुपयोगी ठरवून बाजूला टाकणे
प्राणांस मुकणे – मरण पावणे

भाषाभ्यास : विध्यर्थ

पुढील वाक्ये पाहा.
(१) निदान चार जणांनी जावे.
(२) लवणस्तंभांना हात लावू नये.

या वाक्यांतील क्रियापदांवरून कर्तव्य, योग्यता किंवा अपेक्षा व्यक्त होते. अशा क्रियापदांना विध्यर्थी क्रियापदे म्हणतात. "हात लावू नकोस" या आज्ञार्थी वाक्यात समोरच्या एका व्यक्तीला आज्ञा आहे. "हात लावू नये" हे वाक्य सर्वांना, नियम सांगणाऱ्यालाही, सारखेच लागू पडते. म्हणून नियमावलीत विध्यर्थ शोभून दिसतो.

स्वाध्याय

१. 'जमिनीखालची सुरक्षितता बरीचशी जमिनीवरच ठरते' हे विधान पाठातील दोन घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. नील मॉसच्या वडिलांच्या निर्णयाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
३. गुहाशोधक आणि खाणमजूर यांच्या स्थितीतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. पुढील वाक्ये विध्यर्थी करा : (क) विहिरीत एकटा उतरू नकोस. (ख) दोर तपासून घे.
५. तुमच्या कामाच्या ठिकाणी असलेला एखादा धोका निवडा आणि त्यासंबंधी पाच नियम विध्यर्थी वाक्यांत लिहा.
६. तुम्ही मित्रांसह दिवसभरासाठी डोंगरावर जाणार आहात. नोंदवहीच्या नमुन्याप्रमाणे घरी ठेवण्यासाठी चिठ्ठी तयार करा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न १ – (अ) लेणी माणसाने कोरलेली असतात. नैसर्गिक गुहा पाण्याने खडक विरघळून तयार होतात. (आ) क्रेम. (इ) त्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाची खूण सापडली.

पाठगत प्रश्न २ – (अ) एकाला दुखापत झाल्यास एकाने त्याच्याजवळ थांबावे व दोघांनी मदत आणावी म्हणून. (आ) गुहेतील बुटक्या वाटा पुराच्या पाण्याने भरून गेल्या म्हणून. (इ) गुहेच्या तोंडाशी असलेल्या सायकलींनी.

स्वाध्याय ४ – (क) विहिरीत एकट्याने उतरू नये. (ख) दोर तपासून घ्यावा.